बाकावरचं दीड मिनिट

नाना,

परवा मला फर्स्ट क्लास मिळाला. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी मिळाला, आणि तोही कॉलेजात नाही, एका तपासणी केंद्रात; पण मिळाला. छातीला वायरी चिकटवून मला एका चालत्या पट्ट्यावर उभं केलं होतं. पट्टा पायाखालून मागे पळतो आणि आपण जागच्या जागी पुढे चालायचं. तुमच्या मिलमधल्या कापड रंगवायच्या जेट मशीनमध्ये ताका तासन् तास गरगर फिरायचा आणि कुठेच जायचा नाही, तसंच. पट्टा थांबला, कागद बाहेर आला, आणि तिथली विशीतली पोरगी म्हणाली, "अंकल, फर्स्ट क्लास! आपका हार्ट तो बीस साल के लड़के जैसा है." मी म्हणालो, "बेटा, मी वीस वर्षांचा होतो तेव्हा तसं नव्हतं म्हणे." ती हसली. माझ्या बोलण्याला लोक हसतातच. मी वर्तमानपत्रात तिरकस लिहितो, आणि एकदा माणूस तिरकस म्हणून ठरला की त्याने सरळ सांगितलेलंही कुणी सरळ ऐकत नाही.

तुम्हाला मात्र सरळ सांगतो. माझं काळीज कच्चं नव्हतं, नाना. एक दिवसही नव्हतं. आणि हे मला परवा कळलेलं नाही. कॉलेजातल्या त्या बाकावरून उतरलो तेव्हापासून ठाऊक होतं. तुमच्या हयातीत सांगायला माझ्याकडे जवळजवळ दोन वर्षं होती. सांगितलं नाही. आता सांगतोय, म्हणजे ऐकणारं कुणी नाही याची पुरती खात्री झाल्यावर.

सुरतेत पांडेसऱ्याच्या त्या इमारतीत आपण तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि नळ खाली आवारात होता. पाणी सकाळी पाऊण तास. मिलमधून रसायनाचे रिकामे झालेले निळे प्लॅस्टिकचे कारबे अख्ख्या इमारतीने पाण्यासाठी आणलेले. कितीही धुवा, उन्हात तापले की त्यांना मिलचा वास यायचाच. भरलेला एक कारबा पस्तीस लिटर. माझ्या वयाची पोरं खांद्यावर एकेक कारबा घेऊन शीळ घालत जिने चढायची, आणि मी वरच्या कठड्याला टेकून हातात पुस्तक धरून उभा. दहावीला असताना एकदा खाली येऊन मी कारब्याला हात घातला, तर तुम्ही असे ओरडलात जणू मी चुलीत हात घातला. "हात नको लाऊ! तू वाच. मी शे ना." ते 'मी शे ना' मी इतक्यांदा ऐकलं की अजूनही कुणी 'मी आहे ना' म्हटलं की मला ओल्या कारब्याचा वास येतो.

तुमचा एक सिद्धांत होता. अंगातलं रगत एकच. ते अंगाने वापरलं की डोक्याला उरत नाही. "आंगनी वढी लिधं का डोकाले काय ऱ्हास?" असं तुम्ही विचारायचात, आणि विचारताना तुमची नखं त्या दिवशीच्या रंगाची असायची. गुलाबी, मोरपंखी, कधी गर्द जांभळी. यंदा बायका सणाला कुठल्या रंगाच्या साड्या नेसणार हे आपल्या घराला तुमच्या नखांवरून आधी कळायचं. हा सिद्धांत तुम्ही हवेतून काढला नव्हता. गावाकडे तुम्ही सातवीत पहिले आला होतात. सुरतेत आल्यावर रात्रशाळेत नाव घातलंत, आणि बारा तासांची पाळी करून गेल्यावर पुस्तकावर डोकं ठेवून महिनाभर नुसते झोपलात. शेवटी मास्तरच म्हणाले, घरी जाऊन झोपा, इथे बाक टोचतो. तेव्हापासून तुमचं पक्कं झालं की अंगमेहनत डोकं खाते. स्वतःच्या देहावर करून पाहिलेला प्रयोग होता तो. त्याच्यावर कोण वाद घालणार? एवढंच की तुम्हाला कष्ट आणि व्यायाम यांत काही फरक असतो हे ठाऊक नव्हतं. कसं असणार? तुमच्या आयुष्यात दुसऱ्या गोष्टीला जागाच नव्हती.

मग मला जपणं सुरू झालं. दुधात बदाम मला, चहा तुम्हा दोघांना. बाजाराची पिशवी मायच्या हातात, रॉकेलचा डबा तुमच्या. मी घरातली एकच वस्तू उचलायचो, ती म्हणजे पुस्तक. दुसऱ्या मजल्यावरची जालन्याकडची मावशी कारबा कमरेवर घेऊन जाता जाता म्हणायची, "काय भाऊ, राजाला पालखी कवा आणायलाव?" तुम्ही रागवायचा नाहीत. धापा टाकत, पण हसून सांगायचात, "सायेब व्हई तवय आनसूत." साहेब होईल तेव्हा आणू. आणि मी वरून ऐकत पान उलटायचो. वाचत नव्हतो. पान उलटल्याचा आवाज खाली जायला हवा म्हणून उलटायचो.

मी कॉलेजात गेलो तेव्हा तुम्ही मला एक पँट दिलीत. मिलमध्ये ताक्याचे टोकाचे तुकडे निघायचे, त्यांना फेंट म्हणायचे. त्यातला जाड, राखाडी, एकसारखा तुकडा मिळावा म्हणून तुम्ही दीड महिना फोल्डिंग खात्यातल्या माणसाच्या मागे होतात. आवारातल्या शिंप्याकडून ती शिवून आणलीत, मला घालायला लावून मागून पुढून फिरवून पाहिलंत आणि मायला म्हणालात, "देख, परफेसर दिखी ऱ्हायना." कापड पक्कं होतं, तो तुमचा प्रांत. शिंप्याचा दोरा कच्चा होता, तो तुमचा प्रांत नव्हता.

आमच्या कॉलेजात खेळाचे एक सर होते. गुजराती, ठेंगणे, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांना प्रबंध लिहायचा होता. विषय असा की कॉलेजातल्या पोरांचं शरीर धडधाकट असेल तर त्यांचे मार्कही चांगले येतात का. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना त्यांनी मैदानात बोलावलं, प्रयोगशाळेतला एक लांब बाक बाहेर काढून ठेवला आणि नियम सांगितला: शिट्टीच्या तालावर बाकावर चढायचं, उतरायचं, पाच मिनिटं. मग नाडी मोजणार, वहीत लिहिणार, आणि वर्षअखेरीला वहीतली नाडी आणि निकालपत्रावरचे मार्क शेजारी ठेवणार. "जेनी छाती मजबूत, एना मार्क मजबूत," ते छाती ठोकून म्हणाले. "आ हुं साबित करवानो छुं." आम्ही हसलो. ज्यांचे मार्क मजबूत होते ते जास्त हसले.

माझा नंबर आला. "चढ, उतर, चढ, उतर." पहिलं मिनिट मजेत गेलं, खरंच सांगतो. मला वाटलं होतं मी पडेन, घेरी येईल, रगत डोक्यातून उतरून पायांत जाईल आणि पाठ केलेली सगळी सूत्रं पुसली जातील. तसं काही झालं नाही. पाय उचलले जात होते. छातीत काहीतरी उघडत होतं, बरं वाटत होतं. आणि दीड मिनिटाला, पाय वर टाकताना, मागे आवाज झाला. पँट उसवली होती. बसायच्या जागी, वरपासून खालपर्यंत. माझ्या मागे रांगेत चाळीस पोरं, आणि व्हरांड्यात मुली. आणखी एकदा चढलो असतो तर सगळं जग उघडं पडलं असतं. मी बाकावर धपकन बसलो आणि हात छातीवर नेला. खरं तर तो मागे न्यायचा होता. पण मागे नेला असता तर सगळ्यांना कळलं असतं.

सर धावत आले. "शुं थयुं? श्वास चढ्यो?" मी मान हलवली. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघत ठोके मोजले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. नाडी धावत होतीच, नाना. लाजेने नाडी किती धावते याची नोंद कुठल्या प्रबंधात असेल असं मला वाटत नाही. "आखो दहाडो चोपडीमां माथुं घाली राखे छे," ते पोरांकडे वळून म्हणाले, "ने छाती जो, चकली जेवी." दिवसभर पुस्तकात डोकं, आणि छाती चिमणीएवढी. पोरं हसली. मी बसूनच राहिलो. सगळे पांगेपर्यंत बसलो, मग वही मागे धरून भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडलो. खिशात सरांनी दिलेली चिठ्ठी होती. दीड मिनिट, आणि खाली: डॉक्टरला दाखवा.

तुम्ही पाळीवर निघायच्या तयारीत होतात. चिठ्ठी वाचलीत आणि बसलात. मला आत्ताही तो चेहरा दिसतो. भीती होती त्यात, खूप होती. पण तिच्याखाली, रागावू नका, थोडं समाधानही होतं. इतकी वर्षं इमारत तुम्हाला हसत होती, आणि आता कॉलेजच्या कागदावर लिहून आलं होतं की पोराला जपणं बरोबर होतं. "मन्हा पोऱ्यानं कायीज कच्चं शे," तुम्ही मायला म्हणालात. पोराचं काळीज कच्चं आहे. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की नाही हो, पँट उसवली. दोन शब्द. पण दीड महिना शोधलेल्या कापडाची ती पँट होती आणि तुम्ही तिच्याकडेच बघत होतात, मी मागची बाजू भिंतीला लावून उभा होतो. तुमच्या पँटपेक्षा माझं हृदय फाटकं निघालेलं बरं, असं मला तेव्हा वाटलं. अठरा वर्षांच्या पोराचा हिशेब तो.

दुसऱ्या सकाळी पँट दोरीवर घडी घालून ठेवलेली होती. मायने शिवली होती, दुहेरी टाक्यांनी. मी घेतली तेव्हा तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "शिलाई कच्ची व्हती." पुढे ती कधी काही बोलली नाही. मीही नाही. आपल्या घरात खोटं कुणी बोलायचं नाही. फक्त खरं कुणी काढायचं नाही, एवढं सगळ्यांनी पाळलं.

मग तुम्ही मला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलंत. ते डॉक्टर सुट्टीचे दाखले लिहायचे. मिलमध्ये खाडा झाला की त्यांच्याकडे जायचं, ते जुलाब, ताप, कंबर यांतलं काहीतरी लिहून शिक्का मारायचे. सगळे आजार खोटे आणि सगळी माणसं खरंच थकलेली. त्यांनी शर्टावरूनच नळी लावली आणि म्हणाले, "काही नाही. घाबरलाय जरा. पोरगं ठीक आहे." तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसला होतात. "ठीक शे, तर दीड मिनटमा बसना कसाले?" तुम्ही विचारलंत. ठीक आहे तर दीड मिनिटात बसला कशाला? डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय रे, दुखतं का?"

नाना, ही दुसरी संधी होती. मी म्हणालो, "कधी कधी."

त्यांनी शिक्का मारला. हृदय अशक्त, श्रम वर्ज्य. तो दाखला अजून माझ्याकडे आहे. माझ्या आयुष्यातला तो पहिला कागद, ज्यात माझ्याविषयी लिहिलेलं सगळं खोटं होतं आणि सगळ्यांना पटलं.

तो घेऊन तुम्ही कॉलेजात आलात. मी नको म्हणत होतो. पाळीवरून थेट आलात, पायांत रंगाचे शिंतोडे उडालेल्या स्लिपरा, हात मनगटापर्यंत हिरवे. सर मैदानात उभे होते. त्यांनी दाखला वाचला, तुमच्याकडे पाहिलं, आणि सौम्यपणेच म्हणाले, "काका, डरो नहीं. धीरे धीरे दौड़ेगा तो पढ़ाई में भी अच्छा होगा. पास होगा." तुम्ही त्यांचे पांढरे बूट पाहिलेत. मग म्हणालात, "साहब, मैं रोज बारा घंटे दौड़ता हूं. मैं क्यूं पास नहीं हुआ?"

मी इतकी वर्षं तिरकस लिहून खातो, पण असं एक वाक्य मला जमलेलं नाही. आणि तुम्ही ते तिरकस म्हणून बोललाच नव्हतात. तुम्हाला खरंच उत्तर हवं होतं. सरांनी दाखला घडी घालून तुमच्या हातात दिला. मग हिंदी सोडून हळूच त्यांच्या भाषेत म्हणाले, "काका, तमे दोडता नथी. तमने दोडावे छे." तुम्ही धावत नाही, तुम्हाला पळवतात. तुम्हाला गुजराती पक्कं समजायचं. तुम्ही दाखला खिशात ठेवलात. सरांनी वहीत माझ्या नावापुढे आडवी रेघ मारली आणि आपण दोघे बाहेर पडलो. सायकलजवळ तुम्ही म्हणालात, "चांगला मानूस शे. पन त्याले काय माहीत." माणूस चांगला, पण त्याला काय माहीत. मी मागे कॅरिअरवर बसलो.

त्या दिवसापासून तो कॅरिअर माझा झाला. बसथांबा चालत पंधरा मिनिटांवर, तर तुम्ही मला सायकलवरून सोडायला लागलात. विशीकडे झुकलेला, बदामाच्या दुधावर पोसलेला पोरगा मागे पाय लोंबकळत बसलेला आणि पुढे पंचेचाळिशीचा बाप उभा राहून पॅडल मारतोय. ओळखीचे लोक बघून मान वळवायचे. मायच्या वाटणीचे कारबेही तुम्ही घेतलेत, कारण माझ्याजवळ सतत कुणीतरी हवं असं तुमचं म्हणणं. रोज चार फेऱ्या. आणि माझा अभ्यास? तुम्हाला वाटत होतं, इतकं रगत वाचवलं, सगळं डोक्यात जात असेल. नाना, डोक्यात काहीच जात नव्हतं. दुपारी पुस्तक उघडलं की डोळ्यांवर झापड. तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासाला मान खाली जायची, बोटं वळायची. वर्गातली जी पोरं पाणी भरून, वर्तमानपत्रं टाकून यायची ती ताजीतवानी, आणि मी शिळ्या भाकरीसारखा. फिजिक्सला मी नापास झालो. तुम्ही निकाल पाहिलात आणि माझं बाजारात जाणंही बंद केलंत. पुन्हा नापास झालो, तर तुम्ही बदाम दुप्पट केलेत. औषधाचा गुण येत नाही म्हणून त्याच औषधाचा डोस वाढवत जाणारा वैद्य होतात तुम्ही, आणि मी असा रोगी, ज्याला रोग कुठे आहे ते माहीत होतं.

मी त्या काळात एक हलकट काम केलं, तेही सांगून टाकतो. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर त्या सरांची टर उडवली. दंडाचा घेर आणि गणिताचे गुण यांची बेरीज कशी करावी, असा काहीतरी लेख. सगळं कॉलेज हसलं, सरही हसले. लोकांनी पाठ थोपटली. माझं लिहिणं तिथून सुरू झालं. कॉलेजात मला खरं सांगायला आलेला एकच माणूस होता, मी त्याच्यापासून सुरुवात केली.

त्या सकाळी तुमची तिसरी फेरी होती. फेरपरीक्षा आठवड्यावर आलेली. मी वरच्या कठड्याला टेकून उभा आहे, पुस्तक उघडं आहे. कारबा पायरीवर टेकवल्याचा आवाज रोज यायचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये तुम्ही एकदा दम घ्यायचात. त्या दिवशी आवाज वेगळा आला. मग पाणी आलं. जिन्यावरून पाणी खाली वाहत जातंय, पायरी पायरीने, आणि त्यात तुम्ही भिंतीला टेकून बसलेले. मायने किंकाळी फोडली. मी रिक्षा आणायला पळालो.

तीन मजले उतरलो, आवार, गल्ली, मोठ्या रस्त्यापर्यंत. तिथे रिक्षा नव्हती, पुढच्या नाक्यापर्यंत पळालो, रिक्षावाल्याला घेऊन परत आलो, आणि तीन-तीन पायऱ्या एकदम घेत वर. आणि कुठेतरी त्या गल्लीत, पळता पळता, मला कळलं की मला धाप लागलेली नाही. पाय चालताहेत, छाती चालते आहे, सगळं व्यवस्थित. तुम्ही तिकडे जिन्यात पडलेले, आणि माझ्या मनात आलं, अरे, मला पळता येतं. त्या वेळी हा विचार यावा याची लाज मी तीस वर्षं वागवतोय.

मी वर पोचलो. तुमचे ओठ निळे पडले होते. तुम्ही मला पाहिलंत, पळत आलेलं पाहिलंत, आणि हात वर केलात, मला थांबवायला. "पयू नको रे," म्हणालात. "तुन्हं कायीज…"

पळू नको, तुझं काळीज. ते शेवटचं. रिक्षा दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही नव्हतात. तुमची नखं त्या दिवशी पिवळी होती. हळदीसारखी.

सगळं आटपल्यावर सर घरी आले. पांढरे बूट दाराबाहेर काढून चटईवर बसले, मायने दिलेला चहा प्यायले. भित्तिपत्रकाचा विषय काढला नाही. निघताना जिन्यात मला म्हणाले, "सवारे मेदानमां आवजे. दोडतो नहीं, खाली चालजे." नुसतं चालायला ये. मी हो म्हणालो आणि गेलो नाही. त्यांच्या प्रबंधाचं पुढे काय झालं, छातीचा आणि मार्कांचा संबंध त्यांना सापडला की नाही, मला माहीत नाही. मला तो सापडला होता, पण त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे रेघ होती.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर तरी मी कारबा उचलला असेल. उचलला नाही. दुसऱ्या दिवसापासून माय भरायला लागली. मी एकदा जिन्यात तिच्या हातातला कारबा धरला, तर तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे मी पुष्कळ वर्षं शोधत होतो. आता वाटतं, आम्हा दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट दिसली होती. मी तो कारबा सरळ वर नेला असता, न थांबता, धाप न लागता, तर तुम्ही उगाच गेलात असं ठरलं असतं. माझं काळीज कच्चं असणं भाग होतं. तुम्ही त्याच्यासाठी गेला होतात. मी हात काढला. तिने उचलला. पुढे तळमजल्यावर खोली मिळेपर्यंत ती चढत राहिली आणि मी, तुमचा सायेब, कसाबसा थर्ड क्लासमध्ये पदवीधर झालो.

लग्न ठरताना मायने मुलीकडच्यांना सांगून टाकलं, पोराच्या काळजाला जपावं लागतं. त्यामुळे माझी बायको लग्नाच्या पहिल्या दिवसापासून जपते आहे. सिलिंडर तिने सरकवायचा, गाद्या तिने झटकायच्या. मी व्यायामाच्या नादी लागलेल्या लोकांवर विनोदी लेख लिहितो, ते ती वाचते आणि म्हणते, तुम्हाला बरं आहे, तुम्हाला काही करायचंच नाही. परवाची तपासणी तिच्याच हट्टाने झाली. पन्नाशी आली, एकदा बघून घ्या. मी केंद्रातून बाहेर पडलो, फर्स्ट क्लासचा कागद पाकिटात, आणि रिक्षा न करता चालत घरी आलो. वाटेत ठरवलं की दारात उभं राहूनच तिला सांगायचं. पहिल्या दिवसापासूनचं सगळं, पँटसकट. तिने दार उघडलं, विचारलं, "काय म्हणाले?" आणि मी म्हणालो, "बरं आहे. जपायला सांगितलंय."

म्हणून हे पत्र. तिला सांगता येत नाही ते तुम्हाला लिहितोय. आणि तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाही, म्हणूनच लिहायला जमतंय.

काल वर्षाचे गहू आले. दोन कट्टे, पन्नास किलोचं एकेक पोतं, टेम्पोवाल्याने खाली आवारात टाकले आणि गेला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आम्ही दोघे खाली उभे. तिने कट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तपासणीचं पाकीट माझ्या कपाटात होतं, तुमच्या त्या शिक्क्याच्या दाखल्याखाली. आणि माझा हात, नाना, मी न सांगता, आपोआप, छातीकडे गेला.

"तुम्ही राहू द्या," ती म्हणाली. "मी आहे ना."

तिने कट्ट्याचं तोंड सोडलं, बादलीत गहू घेतले आणि वर न्यायला सुरुवात केली. दुसऱ्या फेरीला जिन्याच्या मध्यावर दम घ्यायला थांबली. मी खाली कठड्याला टेकून उभा होतो. हातात काही नव्हतं, म्हणून पेपर धरला होता.